उसवण शिवणारी

तिला सगळे कात्री म्हणायचे. हे नाव हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, यावर गल्लीत दोन मतं होती. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "दोन्हीला धार मीच लावलीय."

ते खरंही होतं. आई गेली तेव्हा कात्री एवढीशी होती, आणि बाप कामाच्या मागे गावोगाव फिरणारा. आत्यानं तिला उचललं ते थेट आपल्या दुकानात आणून ठेवलं. कपडे दुरुस्तीचं दुकान. पुढे काउंटर, मागे दोन मशिनी, आणि मधे दोरीवर टांगलेल्या लोकांच्या पँटी. त्या पँटींच्या पायांतून वाट काढत पोर मोठी झाली. मोठी झाल्यावर कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे ती फक्त कॉलरी लावायची. एक दिवस सुपरवायझर शेजारच्या बाईला म्हणाला, "पाणी प्यायला किती वेळा उठतेस?" कात्रीनं कॉलरींचा अख्खा गठ्ठा त्याच्या टेबलावर नेऊन आपटला आणि म्हणाली, "घ्या, आता तुम्ही लावा, मी पाणी पिऊन येते." ती जी पाणी प्यायला गेली ती परत गेलीच नाही.

गल्लीतलेच दोन दोस्त होते. एक रंगारी. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि कुणी बघत नसलं की भिंतीसुद्धा. बोलायचा कमी. दुसरा लंबू. त्याच्याकडे कॅमेरा होता आणि तोंड होतं. दोन्ही बंद व्हायची नाहीत.

एकदा रंगारी शिडीवरून घसरला आणि त्याचं जाकीट खांद्यापासून कंबरेपर्यंत फाटलं. कात्रीनं हाताला लागलेला ताडपत्रीचा तुकडा त्यावर ठेवला आणि जाड नारिंगी दोऱ्यानं बाहेरूनच शिवून टाकला. लपवायचा प्रयत्नच केला नाही. आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "ही काय शिवण झाली? ही तर उसवण!"

पण ते जाकीट घालून रंगारी बाहेर पडला की पोरंपोरी त्याला थांबवून विचारू लागली, कुठे मिळालं? लंबूचं डोकं लगेच पळालं. "हे चालणार," तो म्हणाला. "आणि नाव आत्यानं देऊन ठेवलंय." असा 'उसवण' हा त्यांचा ब्रँड सुरू झाला. जुने कामाचे डगले, ताडपत्री, मालाची पोती असं काय काय गोळा करायचं, उसवायचं आणि नव्यानं बेतायचं. बेतायची आणि शिवायची कात्री. पाठीवर चित्रं काढायचा रंगारी. आणि लंबू ते कपडे पिशवीत कोंबून गावं पालथी घालायचा.

रंगारीही बरोबर जायचा. मिळेल त्या बसनं, ट्रकनं, एकदा तर वाळूच्या होडीतून. कुठल्याशा शहरात उतरायचं, रस्त्यावरच्या माणसाला जाकीट घालायला द्यायचं, लंबूनं फोटो काढायचा, रंगारीनं एखाद्या पडक्या भिंतीवर चित्र काढून ठेवायचं. ट्रकवाले, गोलकीपर, बँडमध्ये ढोल बडवणारा म्हातारा, सगळ्यांच्या अंगावर कात्रीच्या हातचे कपडे. फोटो तिच्या फोनवर यायचे. मशीन थांबवून ती बघायची आणि आत्याला दाखवायची. आत्या म्हणायची, "ह्या ढोलवाल्याला डगला खांद्यात ढिला झालाय."

एकदा कात्रीही गेली होती. बंदराचं शहर होतं. गोदीत वेल्डिंग करणाऱ्या एका बाईनं जाकीट अंगात घातलं आणि काढायलाच तयार होईना. "ओढून घेतलंस तर तुला पाण्यात ढकलीन," ती म्हणाली. कात्री इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. जाकीट तिथेच राहिलं. परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावर तिघं एकमेकांवर कलंडून झोपली होती. आपण कुणाच्या तरी आहोत असं कात्रीला आत्या सोडून कुणाच्या संगतीत वाटलं असेल, तर ते त्या बाकावर.

पुढच्या वेळी लंबू म्हणाला, "तू आलीस तर शिवणार कोण?" लाडानंच म्हणाला. मग दर वेळी तेच. मागण्या वाढत होत्या, आत्याचे गुडघे धरले होते, आणि कात्रीलाही पटत होतं.

मग लंबूनं फिल्म केली. 'उसवण'ची गोष्ट, दोस्तांची, प्रवासाची. वर्षभर तो त्या फिल्मच्या मागे होता, आणि एका संध्याकाळी शहरातल्या एका छोट्या हॉलमध्ये ती दाखवायचं ठरलं. कात्रीनं आत्याला इस्त्रीची साडी नेसवली, रिक्षात घातलं आणि दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. हॉल खच्चून भरलेला. बरेच जण तिचीच जाकिटं घालून आलेले. तिला वाटलं, आज या पाठींवर एकेक थाप मारत फिरावं.

फिल्म छान होती, हे तिनं नंतरही कधी नाकारलं नाही. रस्ते, बस, भिंती, हसणारी माणसं. मग पडदा शांत झाला. मोठी खिडकी, पांढरा पडदा, कोवळं ऊन. एका सुबक जुन्या मशीनवर एक सडपातळ मुलगी मान वाकवून बसलेली. लांब बोटं कापडावरून फिरताहेत. मागून लंबूचा आवाज: "आमचे कपडे जन्म घेतात ते इथे. शांततेत."

लोकांनी श्वास रोखला होता. त्या शांततेत आत्या मोठ्यांदा म्हणाली, "ही कोण गं? नवीन ठेवलीस का?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पडद्याकडे बघत राहिली. वाटलं, आता येईल. मागची खोली येईल, दोरीवरच्या पँटी, आत्याचा खोकला, रेडिओची खरखर, मी. फिल्म संपली. नावं सरकू लागली. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांच्या लांबलचक यादीत, चहावाल्याच्या वर, तिचं नाव होतं.

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग लंबूला कोपऱ्यात गाठलं.

"ती कोण होती?"

"अगं, नाटकात काम करते. मैत्रीण आहे एकाची. कशी वाटली फिल्म?"

"माझ्या जागी ती का बसली, ते सांग."

लंबूनं हात पसरले. "तुमच्या त्या खोलीत उजेड नाही, कात्री. ट्यूब फडफडते. आणि तू कॅमेरा दिसला की अंगावर येतेस. मागे मला बॉबिन फेकून मारली नव्हतीस?"

"मारली होती. म्हणून माझं काम दुसरीच्या नावावर करशील?"

"नावाचा प्रश्नच नाही. ते प्रतीक आहे. लोक कपडे घेत नाहीत गं, स्वप्न घेतात."

"मग पुढचा माल स्वप्नाकडून शिवून घे."

रंगारी खांबाला टेकून उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

तो नखातला रंग खरवडू लागला. मग म्हणाला, "मला वाटलं, तो तुला सांगेल."

लंबूवर ती ओरडू शकत होती. पण या वाक्यावर तिला ओरडताही येईना. ज्या माणसाचं फाटकं जाकीट शिवून हे सगळं सुरू झालं, त्यानं तो सीन उभा राहताना पाहिला होता आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. तिनं आत्याचा हात धरला आणि ती निघाली. रिक्षात आत्या म्हणाली, "रडायचं असेल तर रड." कात्री म्हणाली, "रडू येत नाहीये. चावावंसं वाटतंय."

आठवडाभर तिनं मशीनला हात लावला नाही. फोन उचलला नाही. शेवटी लंबू दुकानात आला. मागे रंगारी. लंबूचा चेहरा पडलेला होता. त्यानं आत्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "चुकलो. तो सीन काढतो. तुझ्यावर नवीन घेतो, इथेच, याच खोलीत. आज."

कात्रीच्या आत काहीतरी सैल झालं. दोस्त होता शेवटी. तिनं केस बांधले, मशीनवर बसली आणि एक बाही लावायला घेतली. तिची सवय होती, अवघड वळण आलं की जीभ दातांत धरायची आणि दोरा अडकला की मशीनला शिव्या द्यायच्या. तिनं दिल्या.

"एक मिनिट," लंबू म्हणाला. त्यानं रेडिओ बंद केला. दोरीवरच्या पँटी बाजूला सारल्या. शेजारच्या मशीनवर बसलेल्या आत्याला म्हणाला, "आत्या, तुम्ही जरा पुढे बसता का?" मग कॅमेऱ्यातून बघत, अगदी गोड आवाजात, "आता मान थोडी वाकव. आणखी. बोटं कापडावर हळूच फिरव. बोलू नकोस. हं, असंच."

कात्रीची बोटं कापडावर फिरली. आणि तिला कळलं, ती कुणासारखी बसलीय ते.

मागून रंगारीचा आवाज आला. "ती अशी बसत नाही, लंबू."

"गप रे. उजेड जाईल."

कात्री उठली. तिनं कॅमेऱ्यासमोर हात धरला, झाकणासारखा. आवाज तिचा चढला नाही, म्हणून आत्या पुढच्या खोलीतून धडपडत उठून आली. ही पोर हळू बोलते तेव्हाच तिला भीती वाटायची.

"मला वाटलं होतं, तू मला विसरलास," कात्री म्हणाली. "विसरणं परवडलं असतं. पण तुला मी नकोच आहे रे. तुला तीच हवीय. मला धुऊन, इस्त्री करून तिच्यासारखी करायला आलायस माझ्याच घरात. आणि आत्याला उठवलंस? जिच्या तोंडातून नाव घेतलंस, तिला तिच्याच मशीनवरून उठवलंस?"

"कात्री, तू प्रत्येक गोष्टीचं..."

"बाहेर."

"आपलं एवढं सगळं..."

"बाहेर, लंबू! का आत्याला सांगू?"

आत्यानं खरंच मोजपट्टी उचलली होती. लाकडी होती ती.

लंबू गेला. 'उसवण' हे नाव त्याच्याकडेच राहिलं, कारण ते ज्या कागदावर होतं तो त्यानंच आपल्या नावावर केला होता, आणि कात्रीनं त्यासाठी भांडायचं नाही असं ठरवलं. आज त्याचे कपडे कारखान्यात होतात, नारिंगी टाका छापलेला असतो, आणि फिल्म देशोदेशी फिरते. त्यात तो सीन अजून आहे.

रंगारी त्या दिवशी लंबूबरोबर गेला नाही. काउंटरपाशी घुटमळत राहिला. कात्रीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. कोपऱ्यात बसून जुन्या डगल्यांचे टाके उसवत राहायचा. एक दिवस ती म्हणालीच, "लंबूला त्या दिवशी बोललास, तेच फिल्मच्या वेळी बोलला असतास तर?"

"हो," तो म्हणाला. पुढे सबब सांगितली नाही.

"मी माफ केलेलं नाही."

"माहितेय."

दोघं पुन्हा कपडे करतात, पाटीशिवाय, नावाशिवाय. ते विकायला आता कात्री स्वतः जाते. पिशवी एका हाताला, आत्या दुसऱ्या हाताला. आत्या प्रत्येक बसच्या बाकाला नावं ठेवते आणि खिडकी मात्र सोडत नाही. परवा एका शहरात एक तरुण जाकीट चाचपत म्हणाला, "अरे, हे तर त्या फिल्ममधल्यासारखं आहे! ती मुलगी काय सुंदर शिवते ना?"

आत्यानं हळूच पिशवी आपल्याकडे ओढून घेतली, आत कात्र्या होत्या. कात्रीनं त्याच्या हातातून जाकीट काढून घेतलं. तो बिचारा गोंधळला. त्याचा दोष नव्हता, हे तिला कळत होतं. तरी तिला राहवलं नाही. तिनं जाकीट उलटं केलं, आतली शिवण त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाली, "हे मी शिवलंय. मी. मोठ्यांदा शिव्या देत. हवं असेल तर घाल, नाहीतर पुढे हो."

त्यानं घातलं. खांद्यात जरा घट्ट होत होतं. कात्री अजून धुसफुसतच होती, पण तिनं टेप काढला आणि त्याला म्हणाली, "हात वर कर."