कोरियन नवरदेवाचं केळवण

स्थळं सुचवायची खोड मला आईकडून आली, आणि दोहात इतकी वर्षं काढूनही ती गेली नाही. रास लफानच्या आमच्या गॅस कंपनीच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक कोरियन इंजिनियर बसतो. पस्तिशीचा, कामाला वाघ आणि बिनलग्नाचा. असा मुलगा रोज डोळ्यांसमोर असताना मी गप्प बसेन होय? वरच्या मजल्यावरच्या एका कोरियन मुलीचं मी त्याच्यापाशी इतकं कौतुक लावलं, की एकदा माझ्या गाडीतून घरी येताना तो म्हणाला, "ताई, मुलगी नको. माझं ठरलंय. सोलमध्ये असतो तो."

'ताई' मीच शिकवलेलं, बाकी आमचं सगळं इंग्रजीत. मी विचारलं, "तो?" म्हणाला, "तो."

खोटं कशाला बोलू, मला रागच आला. माझ्या डब्यातली भरली वांगी हक्काने खाणारा माणूस एवढी गोष्ट पोटात ठेवून बसला होता! पण बोलणार तरी कुणाशी? इथला कायदा असा, की हे मोठ्याने म्हणायचीही सोय नाही. म्हणून मीही इथे कुणाचं नाव लिहीत नाहीये.

त्या दिवसापासून तो गाडीत मोकळेपणाने बोलायला लागला. कोरियातही दोन पुरुषांचं लग्न कायद्यात बसत नाही. पण तिथल्या कोर्टाने अशा जोडीदाराला आरोग्य विम्यात घ्यायला लावलं, तेव्हा हे दोघं फोनवर नुसते हसत होते म्हणे. "सरकारदरबारी कुठेतरी आम्ही एका घरातले झालो, ताई." आता सुट्टीत जाऊन ते एक छोटा हॉल घेऊन लग्न करणार होते. मित्र येणार, त्यांच्यासारख्याच पुरुषांचा एक गायकवृंद आहे, तो गाणार. सगळं ठरलं होतं. अडलं होतं ते एका ठिकाणी.

त्यांच्याकडे लग्नाच्या सुरुवातीला दोघांच्या आया पुढे येऊन एकेक मेणबत्ती लावतात. जोडीदाराची आई तयार होती. ह्याची आई वर्षभर फोन उचलत नव्हती. हा रोज जेवणाचा फोटो पाठवायचा, ती बघायची, उत्तर नाही. तिकडे अशा मुलांच्या आईबापांचा एक गट आहे. त्यातल्या एका बाईंनी स्वतःहून सांगितलं होतं, मी येते, मी लावते मेणबत्ती.

"देवमाणूस आहे बाई," मी म्हटलं.

"आहे ना," तो म्हणाला. "पण ती दुसऱ्या कुणाची तरी आई आहे."

आता ह्यावर मी काय करणार? आपल्याला येतं तेच. लग्न ठरलेल्याला घरी बोलावून जेवू घालायचं. शुक्रवारी दुपारी केळवण ठरवलं. अल मन्सूरा भागातल्या आपल्याकडच्या वाण्याकडून अळूची पानं आणली, वड्या तळल्या, मसालेभात, श्रीखंड, मठ्ठा. टेबलावरच ताटाभोवती रांगोळी काढली. आमच्या ह्यांनी पडदे ओढून घेतले आणि म्हणाले, "यल्ला, चला, नवरदेवाला बसवा." ओवाळलं, टिळा लावला. वाटलं, झालं. पण केळवण म्हटलं की उखाणा आलाच! नाव घेतल्याशिवाय घास नाही, असा मी दमच दिला. चार वेळा घोकून घेतला, आणि ह्यांनी त्याच्याच फोनवर आम्हा दोघांचं शूटिंग सुरू केलं.

"चांदीच्या वाटीत केशराचं श्रीखंड, –चं नाव घेतो, सोबत राहो अखंड."

पहिल्यांदा आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा मात्र ते नाव असं खणखणीत घेतलं, की मीच दचकून दाराकडे पाहिलं. कतारमध्ये ते नाव त्याने कधी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं.

पान खाता खाता त्याने 'माझ्या लग्नाचं जेवण' एवढंच लिहून तो व्हिडिओ आईला पाठवून दिला. थोड्या वेळाने फोन वाजला. स्क्रीनकडे बघून तो पांढराफटक पडला आणि स्वयंपाकघरात गेला. फोनमधून त्याच्या आईचा चढा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. माझा जीव टांगणीला. म्हटलं, झालं, मी नसता उद्योग करून ठेवला!

बाहेर आला तो डोळे पुसत.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ती बाई कोण? माझ्या मुलाला लग्नाचं जेवण माझ्याआधी घालणारी ती कोण?"

"बरोबरच आहे त्यांचं," मी खालमानेने म्हटलं. "मग?"

"मग म्हणाली, सुट्टीत त्याला घेऊन घरी ये. कोंबडी शिजवते."

आमच्या ह्यांना काही उमजेना. "अरे मग चांगलंच आहे की! कोंबडीसाठी रडतोस काय?"

तो मटकन खुर्चीत बसला. म्हणाला, "दादा, आमच्याकडे मुलाचा मित्र आला म्हणून आई कोंबडी करत नाही. जावई पहिल्यांदा घरी आला, की करते."