पंचवीस किलोची चिठ्ठी

टेनिस क्लबात कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे एक चिंचोळी खोली आहे. तिथे मामा तीस वर्षं रॅकेटींना गटिंग करत, म्हणजे तारा ओवून ताणत आलेत. तारा ओढायचं मशीन, दोन चिमटे, एक आरी आणि एक डुगडुगणारं स्टूल, एवढाच त्यांचा संसार. खरं तर ते एकाच मुलीचे मामा, पण तिचं नाव झालं आणि हे सगळ्या क्लबाचे मामा झाले.

मुलगीच तशी होती. बाराव्या वर्षी चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा मारली, सोळाव्या वर्षी ज्युनियर विजेती, अठराव्या वर्षी मोठ्यांच्यातला पहिला करंडक आणि एकोणिसाव्या वर्षी लागोपाठ तीन. प्रत्येक वेळी तारा मामांच्या हातच्या. मामा हे आपणहून कधी सांगत नसत, फक्त कुणीतरी विचारेपर्यंत तिथून हलत नसत.

एक गोष्ट मात्र त्यांनी विचारूनही कुणाला सांगितली नव्हती. पंधराव्या वर्षी तिचं कोपर सुजलं. डॉक्टर म्हणाले, पंचवीस किलोचा ताण फार होतो, तारा सैल करा. पोरगी हट्टाला पेटली. "पंचवीस किलो म्हणजे पंचवीस! सैल तारांनी म्हाताऱ्या खेळतात." मामांनी मान डोलावली, मशीन तेवीसवर लावलं आणि दांड्यावर चिठ्ठी चिकटवली, २५. कोपर बरं झालं, पोरगी जिंकत सुटली आणि मामांना तोंड उघडायची सोयच राहिली नाही. पुढे ती मुलाखतींत सांगायची, "पंचवीसच्या तारा पेलायला हात लागतो हात!" मामा टीव्हीसमोर चोरासारखे चहा पीत.

स्पर्धा कुठलीही असो, मामा मशीन घेऊन तिच्याबरोबर जात. पण या वर्षी, सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर, त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. तिथल्या गटिंगवाल्याने चिठ्ठी वाचली आणि बिचाऱ्याने इमानदारीने पंचवीस ओढले.

तिसऱ्या सामन्यात ती टीव्हीवर कोपर झटकताना दिसली. मामांनी लगेच फोन लावला.

"तेवीस करून बघ गं एकदा."

"काहीतरीच काय, मामा! इथलं मशीनच जरा जास्त ओढतं. पंचवीसवर चार करंडक जिंकले, आता बदलू?"

मामा बहिणीकडे, म्हणजे पोरीच्या आईकडे गेले आणि सगळं ओकून मोकळे झाले. बहिणीने आधी दार लावून घेतलं.

"आत्ता सांगितलंस तर ती खचेल. चार दिवस गप्प बस."

"चार दिवसांत हात जाईल, ताई."

"मग चार वर्षं मूग गिळून का बसलास?"

मामा घरी परतले. उपांत्य सामन्याच्या सकाळी मात्र त्यांना राहवेना. त्यांनी फोन करून पोरीला खरं सांगितलं.

"म्हणजे मी जे जिंकले ते..."

"तूच जिंकलीस बाळा. तारा थोड्याच पळतात?"

"तू मला फसवलंस, मामा." फोन बंद झाला. नंतर मामांनी अकरा वेळा लावला, तिने उचलला नाही.

निदान तारा तरी बदलेल, या आशेवर मामा क्लबाच्या ऑफिसात टीव्हीसमोर बसले. समालोचक कौतुकाने म्हणाला, "नेहमीप्रमाणे पंचवीस किलो!" मामा ताडकन उठले. "अगं बये, माझ्यावरचा राग हातावर कशाला काढतेस?" मॅनेजर त्यांच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या सेटमध्ये एक सर्व्हिस मारून ती थांबली. रॅकेट खाली पडली आणि ती कोपर पोटाशी धरून कोर्टवरच बसली. मॅनेजरने आवाज बंद केला. मामांना मनापासून वाटलं, या क्षणी आपले दोन्ही डोळे गेले असते तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी दुपारी ती त्या चिंचोळ्या खोलीत आली. उजवा हात झोळीत. आठ महिने खेळायचं नाही, आणि पुढे सर्व्हिस जमेल की नाही हे डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नव्हते. मामा काहीतरी बोलायला गेले, तिने ऐकून घेतलं नाही. डाव्या हाताने तिने तारा कापलेली रॅकेट मशीनवर ठेवली.

मामांनी मुकाट्याने ती चिमट्यात बसवली. तारेचं टोक ओवलं. मग चिठ्ठी पुढ्यात ओढली आणि सवयीने विचारलं, "किती?"

"तू सांग," ती म्हणाली. "तुलाच माहीत असतं ना."

मामा पेन धरून बसून राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आकडा सुचेना.