वर्गात लागलेला डोळा

ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्याचा वास आला की फुलंब्रीकडची ती शाळा आठवते. डॉक्टर होणं म्हणजे काय, हे दहावीच्या मुलींना सांगायला मला रात्रपाळीवरून थेट तिथं पाठवलं होतं. बाई माझी ओळख करून देत होत्या, तेवढ्यात खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळा वर्ग चिडीचूप बसला होता. "मॅडम, डॉक्टरला झोपायला मिळत नाय का?" एकीनं विचारलं. "कमीच मिळतं," मी म्हणाले, "आता कुणाकुणाला व्हायचंय डॉक्टर?" एकच हात वर आला. "आमच्या गावात कुणीच डॉक्टर नाय," ती मुलगी म्हणाली, "मी लई दमले तरी चालंल." तिला शाबासकी द्यावी की पुन्हा विचार कर म्हणावं, मला कळेना. आज माझी लेकही डॉक्टर व्हायचं म्हणते, आणि मला अजूनही कळत नाही.