पहिल्या शब्दाआधीची चुटकी

“मोकाशी सर गेले,” फोन ठेवत आमचे क्लार्क म्हणाले.

“कुठे? नववीवर पहिला तास आहे त्यांचा!” मी हजेरीपटावर सह्या करत होते. मान वर केली, त्यांचा चेहरा पाहिला, तेव्हा कळलं... आदल्या संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर हा माणूस मटार निवडून घेत होता. “बाई, उद्या खोलीची किल्ली लवकर द्या हं,” म्हणाला होता. आता किल्ली माझ्या पर्समध्ये आणि तो नाही. मी पर्यवेक्षिका. नववीवर दुसरे शिक्षक पाठवले, फळ्यावर निधनाची सूचना लिहून घेतली. डोकं बधिर असलं तरी हात चालतात.

ती खोली म्हणजे सरांनी उभा केलेला आमचा दृक्‌श्राव्य विभाग. जिन्याखालची अडगळ, खिडकीला घोंगडी, एक टेपरेकॉर्डर, एक माईक. पण या वर्षी तिथल्या मुलांनी कमाल केली. मोहने गावातल्या कारखान्याची फोटोमालिका कल्याणला गाजली. वैशाली भोईरने कळव्याच्या आपल्या आजीकडून खाडीतल्या मासेमारीच्या गोष्टी टेप केल्या, त्यांना ठाण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. आजी आधी बोलायलाच तयार नव्हती. “ही मशीन खाडीत उतरलीय का कधी?” तिने विचारलं. “आज उतरवूया की, आजी!” असं म्हणून सरांनी चुटकी वाजवली आणि आजी सुरू झाली. चुटकी वाजली की बोलायचं, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, मध्ये त्यांचा आवाज आलाच तर तो पुसायचा. “काम तुमचं. त्यात माझं नरडं कशाला?”

तेराव्याला त्यांच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी, मला आत बोलावलं. “सगळ्या जगाचे आवाज भरून ठेवलेत म्हणे. ह्यांचा असेल ना एखादा? मला एकदा ऐकायचाय.”

“असणारच,” मी म्हणून बसले.

वैशालीला घेऊन मी एकेक कॅसेट ऐकली. आजी होती, कारखान्याचा भोंगा होता, मुलांची भाषणं होती. सर कुठेच नव्हते. बातमीचा धक्का मी कामात गिळला होता, हा गिळता येईना. आवाजांच्या त्या खोलीत ज्याने सगळं उभं केलं, त्याचाच एक शब्द नाही?

“बाई, आम्हीच पुसलं...” वैशाली रडकुंडीला आली.

“मग ही सुरुवातीची चुटकी कुणाची?”

“सरांचीच. ती पुसायला गेलं की पहिला शब्द अर्धा कापला जातो. म्हणून ठेवायचो.”

आजीची कॅसेट घेऊन वहिनींकडे गेले. शब्द नाहीत, हे आधीच सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी टेप लावला. खरखर झाली, मग चुटकी वाजली आणि वहिनी ताडकन उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या... दारात थांबल्या.

“चहा हवा असला की अश्शीच वाजवायचे,” त्या म्हणाल्या. “किती भांडलेय मी! म्हटलं, हे काय हॉटेल आहे?” मग त्यांनी स्वतःच कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली.

खोलीची किल्ली आता वैशालीकडे असते. तिला चुटकी वाजवता येत नाही. टेबलावर टकटक कर म्हटलं, तर ऐकत नाही. बोटांना खडूची पूड लावून मधल्या सुट्टीत सराव करते, आणि आवाज नीट येईपर्यंत माईकसमोरचं एकही पोर तोंड उघडत नाही.