बाबा आत येत नाहीत

आमच्या बाबांना क्लबात सगळे ‘वेधशाळा’ म्हणतात. हे कौतुक आहे अशी बाबांची समजूत आहे. वहिनीला विचाराल तर ती म्हणेल, वेधशाळेचा अंदाज निदान अधूनमधून तरी बरोबर येतो.

बाबा गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून त्यांच्यामागे हिंडायचं, चेंडू कुठे गडप झाला ते शोधायचं, आणि साहेबांचा फटका तळ्यात गेला की “वारा होता साहेब” म्हणायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. झाडाचं पानसुद्धा हलत नसलं तरी वारा असतोच. आता गुडघ्यांनी संप केलाय, त्यामुळे पिशवी दोन चाकांवर असते आणि खेळणाराच ती ओढतो. बाबा नुसते शेजारून चालतात, हातात लांब दांड्याची छत्री घेऊन. तरी लोक त्यांनाच मागून घेतात. कारण बाबा सोबत असले की वीज जवळ फिरकत नाही, असा या शिकल्यासवरल्या मंडळींचा ठाम समज आहे.

त्याला इतिहास आहे. बाबा ऐन तारुण्यात असताना एकदा भर खेळात वादळ आलं आणि समोरच्या झाडावर वीज पडली. झाड उभं चिरलं. बरोबरचे सगळे वाट फुटेल तिकडे पळाले, आणि बाबा मात्र पिशवी खांद्यावर घेऊन तिथेच उभे. जागचे हलले नाहीत. झालं! तेव्हापासून क्लबात रीतच पडून गेली. ढग गडगडले की आभाळाकडे कुणी बघत नाही, बाबांकडे बघतात. बाबा चालतायत ना? मग मारा पुढचा फटका.

या सगळ्यात आमच्या वहिनीचा जीव मेटाकुटीला आला. ती त्याच मैदानाचं गवत सांभाळते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर टोपी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. दादा, म्हणजे तिचा नवरा, तिथेच शेडमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. यंत्रांच्या आवाजाने त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, आणि घरात वाद निघाला की दुसऱ्यानेही. मी क्लबातल्या चहाच्या काउंटरवर असतो. समोर मोठी खिडकी आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि तोंड गप्प ठेवायची मला सवय नाही.

क्लबाने विजेच्या इशाऱ्यासाठी भोंगा बसवला आणि वहिनीच्या ताब्यात दिला. तिने दारात स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा. झाडाखाली उभे राहू नका, मैदानातल्या पत्र्याच्या उघड्या शेडखाली तर नकोच. काठ्या आणि छत्र्या हातात धरू नका. पक्क्या इमारतीत या, नाहीतर बंद मोटारीत काचा लावून बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. त्याखाली कुणा सभासदाने पेनाने लिहिलं, ‘मग खेळायचं कधी?’

घरी जेवताना तीच पाटी वहिनी बाबांना तोंडी वाचून दाखवायची.

“बाबा, भोंगा वाजला की आत यायचं.”

“अगं, वीज मला ओळखते.”

“म्हणूनच सांगतेय. ओळखीच्या घरी लोक पुन्हा पुन्हा जातात.”

“काहीतरीच!” असं म्हणून बाबा आणखी भात वाढून घ्यायचे. दादाला अर्थातच काही ऐकू आलेलं नसायचं.

मग एका दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. वहिनीने भोंगा वाजवला. जवळपासचे खेळाडू तोंडं वाकडी करत आत आले. पण लांबच्या टोकाला बाबा आणि त्यांचे चार साहेब निवांत चालले होते. पाऊस आला तसे ते आडोशाला शिरले, आणि तेही कुठे, तर त्या पत्र्याच्या शेडखाली. चार लोखंडी खांब, वर पत्रा, आत पाच शहाणे, हातात स्टीलच्या काठ्या. वहिनीने पुन्हा भोंगा वाजवला. चौघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हात हलवला, जणू तिने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

“भावोजी, चला,” ती म्हणाली आणि तिने क्लबाच्या बंद गाडीची किल्ली उचलली. म्हाताऱ्याला उचलून आत घालायला कुणीतरी हवं म्हणून मला नेलं.

रस्त्याने वळसा घालून जायला वेळ लागला असता. वहिनीने गाडी सरळ गवतावर घातली. मध्ये ग्रीन लागतं, म्हणजे चेंडू जिथे शेवटी भोकात ढकलतात ती जागा. तिथलं गवत वहिनी दाढी केल्यासारखं गुळगुळीत ठेवते. चुकीचे बूट घालून कुणी त्यावर पाय ठेवला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्या ग्रीनवरून तिने स्वतः गाडी नेली. मागे वळून पाहिलं तर चिखलाचे दोन लांब पट्टे उठले होते. मी डोळे मिटून घेतले.

चारही साहेब मुकाट गाडीत शिरले. बाबा शिरायला तयार नव्हते, म्हणून मी त्यांना कमरेला धरून आत ढकललं. बापाला असं ढकलायची संधी रोज येत नाही. क्लबाच्या दारात साहेब उतरले, बाबा मात्र सीटवरच बसून राहिले.

“बाबा, तुम्हाला मरायचंय का?” वहिनीचा आवाज फाटला.

बाबा काचेवरचं पाणी बघत म्हणाले, “तेव्हा मी उभा राहिलो नव्हतो गं. पायच उचलले गेले नाहीत. विजार ओली झाली होती माझी. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही.”

मला हसू फुटलं, ते मी बाहीत दाबलं.

“मला विजेची भीती वाटते,” बाबा म्हणाले. “पण आता भोंगा वाजल्यावर पळत आत आलो, तर मी कोण? पिशवी उचलवत नाही, लांबचा चेंडू दिसत नाही. मला कशाला बोलावतील मग? घरी बसून तुमच्या भिंती मोजू का?”

मला बाबांचा भयंकर राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

आणि त्या दिवशी वीज कुठेही पडली नाही. शेड जसंच्या तसं, पत्र्याला साधा पोचा नाही. क्लबात आठवडाभर हशा. समितीने वहिनीला बोलावून बजावलं, पुन्हा गाडी गवतावर आली तर नोकरी विसरा. दादाने यंत्रांच्या शेडमधून माती आणून ग्रीनवरचे चर भरले, तासन्‌तास. बाबा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा छत्री घेऊन साहेबांबरोबर. त्यांचा भाव उलट वाढला.

पुढचं वादळ आलं तेव्हा काउंटरवर गर्दी होती. भोंगा वाजला. बाबा त्याच लांबच्या टोकाला, बरोबर तेच चौघे. वहिनी माझ्या खिडकीशी उभी होती. गाडी दारात होती, पण किल्ली आता सचिवांच्या खणात असते. तिने परत भोंगा वाजवला. बाबा चालतच होते.

मग वहिनीने टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि ती बाहेर पडली. पायी. उघड्या मैदानात, आभाळाखाली, एकटीच. पाटीवर तिने स्वतःच जे लिहिलं होतं, ते आपणच मोडत निघाली.

“वहिनी!” मी खिडकीतून ओरडलो. माझ्या हातातली किटली बशांवर सांडली. लख्ख उजेड झाला आणि पाठोपाठ असा कडकडाट झाला की काचा थरथरल्या. ती चालतच राहिली.

बाबांनी तिला पाहिलं. जागच्या जागी थांबले. छत्री फेकली आणि पळत सुटले. पळत म्हणजे काय, एक गुडघा पूर्वेला, एक पश्चिमेला, दोन्ही हात वर, आणि तोंडाने अखंड आरडाओरडा. “मागे फिर! सूनबाई, मागे फिर! अक्कल आहे का तुला?” वेधशाळाच पळतेय म्हटल्यावर चौघा साहेबांनी काठ्या टाकल्या आणि तेही सुटले. एक पोटावर आपटला, उठला आणि बाबांच्याही पुढे निघून गेला.

सगळे धापा टाकत आत आले. मी दार लावलं. बाबांनी वहिनीचं मनगट धरून तिला ओढत आणलं होतं.

“तुम्ही पळालात कशाला?” वहिनी रडत रडत त्यांच्यावरच ओरडली. “गुडघे बघा तुमचे! या वयात असं पळतात का?”

“तू बाहेर कशाला आलीस?”

चिखलाने माखलेल्या साहेबांनी श्वास सावरत विचारलं, “काय वेधशाळा, आज घाबरलात?”

“घाबरलो,” बाबा म्हणाले. “लई घाबरलो.”

गंमत समजून सगळे हसले. मी चहा ओतून बाबांपुढे ठेवला. तो त्यांनी डाव्या हाताने घेतला, कारण उजव्या हातात अजून वहिनीचं मनगट होतं.