वासराच्या दारावरचा कागद

माझी धाकटी बहीण डॉक्टर आहे. लग्नकार्यात मी तिची ओळख एवढीच करून द्यायचो आणि पुढचा प्रश्न येण्याआधी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करायचो. ती गुरांची डॉक्टर आहे हे सांगायला घरात कुणाची मनाई नव्हती. सांगतही कुणी नव्हतं.

टाळेबंदीत तिचा ड्रायव्हर गावी अडकला, म्हणून मोहोळ भागातल्या फेऱ्यांना गाडी मी चालवू लागलो. एका गावात एकट्या राहणाऱ्या बाईंचं आठ दिवसांचं वासरू हगवणीनं आडवं पडलं होतं. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरली की तशीच राहायची. बहिणीनं सलाईन लावलं, मीठ-साखरेचं पाणी थोड्या थोड्या वेळानं पाजायला सांगितलं आणि शेण तपासणीला घेताना म्हणाली, "वासरांचा कोरोना असू शकतो."

कुंपणापलीकडं कुणीतरी हे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर वाटेवर बांबू आडवे आणि बाईंच्या दारावर शिक्क्यासह 'गृह विलगीकरण' असा कागद. पाणी शेजारच्या बोअरवरून यायचं, तेही बंद. वासराला पाजायला घागरीच्या तळाशी होतं तेवढंच.

गावच्या कोरोना समितीचे अध्यक्ष गळ्यात ओळखपत्र आणि हनुवटीवर मास्क लावून, मागं घोळका घेऊन उभे होते. "म्याडम, गावाची जबाबदारी हाय आमच्यावर. वासरू माळावर नेऊन सोडायचं ठरलंय."

बाई दारातून ओरडल्या, "मला कोंडा की! त्याला पाणी तरी द्या!"

"अध्यक्षसाहेब," बहीण म्हणाली, "मास्क आधी नाकावर घ्या. वासराला भिऊ नका, ह्या गर्दीला भ्या. कोंबड्यांचा कोरोना वेगळा, मांजरांचा वेगळा, वासरांचा वेगळा. तुमी टीव्हीवर ऐकायच्या लई आधी आमी परीक्षेला लिहिलाय."

"मग कागदाचं काय?"

"कागद बरोबर हाय की. जागा चुकली." तिनं तो घराच्या दारावरून काढला आणि गोठ्यावर लावला. "ह्याची लागण दुसऱ्या वासरांना होते. ज्यांच्याकडं लहान वासरं हायत त्यांनी हितं यायचं न्हाय. आणि बाई, हात लावला की साबणानं धुवायचे."

आपला शिक्का वाया गेला नाही हे पाहून अध्यक्ष निवळले. बोअर चालू करायचा हुकूम त्यांनी त्याच रुबाबात दिला.

परतताना मी विचारलं, "जनावरांचं माणसाला कधीच येत नाही?"

"कधीच कसं म्हणू, दादा? आपल्या साध्या सर्दीचा एक कोरोना फार पूर्वी गुरांकडूनच आला असावा, असं मानतात. म्हणून तर गोठ्यात लक्ष ठेवायचं. पण हे तिथं बोलले असते तर त्यांनी गाईलाही मास्क बांधला असता."

चौथ्या दिवशी वासरू उठून आईला ढुशी देत होतं. बाईंनी कागद मात्र काढू दिला नाही. म्हणाल्या, त्याच्यामुळं फुकटचे सल्ले द्यायला कुणी येत न्हाय.

परवा एका नातेवाइकांकडं जेवताना कुणीतरी विचारलं, "बहीण कसली डॉक्टर?"

"गुरांची," मी म्हणालो आणि वासरापासून सुरुवात केली. संपेपर्यंत भाकरी कडक झाली होती. सोलापुरात कडक भाकरीला कुणी नावं ठेवत नाही.