शिशाऐवजी तांबं

खिम्यातला तो कण बायकोच्या दाताखाली आला. रविवारची दुपार होती. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून मसाले आणून मी हरणाचा खिमा सावजी पद्धतीने केला होता. तिने घास थांबवला, तोंडातून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. तिळाहूनही बारीक, करड्या रंगाचा कण. नखाने दाबला तर दबला. शिसं होतं.

तिला तिसरा महिना चालू होता.

ते मांस देणारे गृहस्थ न्यू लिनच्या वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर कामाला होते. मी क्वालिटी बघायचो, ते लेथवर असायचे. अडुसष्ट वर्षांचे, बायको गेलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण मनातल्या मनात मी त्यांना कायम अहोजाहो करायचो. नागपूरहून आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला स्वतःचा जुना कोट दिला होता. पुढे बंदुकीचं लायसन्स काढायला लावलं, शिकार शिकवली. मी घरी पंचशील म्हणत वाढलेलो. पहिलं हरीण पाडलं तेव्हा मी तिथेच गवतात बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. तेही शेजारी बसले. खाणार असशील तरच मारायचं, एवढंच म्हणाले. वडिलांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

त्या रविवारनंतर मी वाचत बसलो. शिशाची गोळी हरणात शिरली की फुटते आणि तिचा चुरा जखमेपासून बराच लांब पसरतो. खिम्यात तो दिसत नाही. बायकोच्या मिडवाइफने तर हे मांस बंदच करा म्हणून सांगितलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं त्यांच्या कानावर घातलं, शक्य तितक्या हळुवारपणे. त्यांनी ऐकून घेतलं. डबा बंद केला.

“चाळीस वर्षं मी माझ्या पोरांना हेच खाऊ घातलंय,” ते म्हणाले आणि उठून गेले.

दोन आठवडे आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर तांब्याच्या गोळ्यांच्या काडतुसांची तीन खोकी आणून ठेवली, तीन वेगळ्या कंपन्यांची. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर येशील का, म्हणून विचारलं. रागावले होते की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

सलग चार शनिवार आम्ही गेलो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि प्रत्येक रायफलच्या नळीला ती मानवतेच असं नाही. त्यांची रायफल जुनी. पहिल्या खोक्यातल्या गोळ्या कागदावर पंजाएवढ्या पसरल्या. नळी घासून स्वच्छ केली आणि दुसरं खोकं काढलं. त्यानेही फारसा फरक पडला नाही. मग मी जरा हलकी गोळी घेऊन बघू म्हणालो. तिसऱ्या खोक्यातली तशी होती. तीन गोळ्या, तीन भोकं, एकमेकांना जवळजवळ चिकटलेली. त्यांनी तो कागद वर्कशॉपमध्ये लेथच्या वर टेपने चिकटवला.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला पुनःपुन्हा बजावली. तांब्याची गोळी आत गेल्यावर पाकळ्यांसारखी उमलते, पण त्यासाठी तिला वेग लागतो. फार लांबून मारली तर ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन कुठेतरी झुडपात तडफडत मरतं. म्हणून दोनशे मीटरच्या पलीकडे बार काढायचाच नाही. “तसंही माझी नजर आता तेवढीच पोचते,” ते म्हणाले. खूप दिवसांनी हसले.

पाचव्या महिन्यातल्या स्कॅनला बाळाचे ठोके नव्हते.

त्याबद्दल मी फार लिहू शकत नाही. मुलगी होती. हॉस्पिटलमध्ये तिला विणलेल्या छोट्या शालीत गुंडाळून आमच्या हातात दिलं. विणणारी कोण होती, कोणास ठाऊक. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कारण सापडलं नाही. पुष्कळदा सापडत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी एकट्याने त्यांना गाठून शिशाबद्दल विचारलं. तसं वाटत नाही, त्या म्हणाल्या, पण तुमच्या मनाला शंका राहू नये म्हणून त्यांचं रक्त तपासून घेऊ.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ घरी आले. कामाचे कपडे बदलून, केस विंचरून. बायको आत झोपली होती. मी चहा टाकायला वळलो तर ते दारातच उभे राहिले.

“माझ्या मांसाने झालं का हे?”

रिपोर्ट आलेला नव्हता. मी खाली पाहिलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग नाही म्हणालो. डॉक्टरांनाही तसं वाटत नाही, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, चहा नको म्हणाले आणि गेले.

आठवड्याने रिपोर्ट आला. रक्तात काळजीचं काही नव्हतं. मी लगेच फोन केला. बरं झालं, ते म्हणाले, आणि बायकोची चौकशी करून फोन ठेवला.

एप्रिलमध्ये, इथल्या शरद ऋतूत, आम्ही एकदाच एकत्र शिकारीला गेलो, काइपाराकडे त्यांच्या ओळखीच्या एका शेतावर. सकाळी उतारावर एक मादी दिसली, शंभरेक मीटरवर. त्यांनी नेम धरला, पण बार काढला नाही. त्यांनी रायफल माझ्याकडे दिली. गोळी बरोबर बसली, तरी ती साठ-सत्तर पावलं धावून पडली. तांब्याने असं होतं, गोळी चुकली असं समजू नकोस, असं ते चालताना समजावत होते. जनावर साफ करून आतडी आम्ही तिथेच सोडली. वर एक घार घिरट्या घालू लागली होती. “आता तिलाही काही होणार नाही,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत मी बोललो. त्या दिवशी दारात मी लगेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं, असं म्हणालो.

“तू ‘नाही’ म्हणालास,” ते म्हणाले. “पण आधी खाली पाहिलंस. मीही पाहिलं असतं.”

मी माफी मागितली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तीन दिवसांत ते गेले. ऑस्ट्रेलियाहून मुलं आली. निरोपाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. त्यांची मोठी मुलगी माझ्या बायकोचा हात हातात घेऊन म्हणाली, डॅड तुमच्याबद्दल नेहमी विचारायचे, तुम्ही आता कशा आहात म्हणून.

पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“ते घरी आले त्या दिवशी मी जागी होते,” ती म्हणाली. “मला सगळं ऐकू आलं.”

मी इंजिन बंद केलं.

“मी बाहेर येऊन त्यांना ‘नाही’ म्हणून सांगू शकत होते. नाही आले. मलाही तसंच वाटत होतं, त्या मांसानेच झालं म्हणून. रिपोर्ट आल्यावरसुद्धा, कितीतरी दिवस.”

बाहेर लोक एकमेकांना मिठी मारून आपापल्या गाड्यांकडे निघाले होते. रडायला आधी तिने सुरुवात केली, मग मी. मुलगी गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो नव्हतो. पार्किंग रिकामं झालं, हॉलचे दिवे मालवले गेले, तरी आम्ही तिथेच बसून होतो.